पाचवा फाऊल कोणाचा

शैलाताई,

परवा तुझ्या घरी समाचाराला गेले होते. हॉलमध्ये सतरंजी, भिंतीला टेकून बसलेली माणसं आणि तुझ्या फोटोला हार. तुमच्या सोसायटीतल्या एक बाई म्हणाल्या, फार शांत होत्या हो, कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत. मी पटकन मान खाली घातली. लोकांना वाटलं मला हुंदका आला. मी पदराआड हसत होते. समोर उज्ज्वला होती, आपल्या बास्केटबॉल टीमची सेंटर. गुडघ्यांमुळे तिला आता खाली बसता येत नाही, म्हणून एकटी खुर्चीत होती, आणि तिचेही खांदे हलत होते. जिल्ह्यातल्या पंचांनी जिच्या आवाजाची धास्ती घेतली होती ती म्हणे शांत. तू तिथं असतीस तर त्या बाईंशी जागेवरच वाद घातला असतास.

घरी आल्यावर मात्र पोटभर रडले. मग चहा टाकला, आणि चहा गाळताना लक्षात आलं की आपलं भांडण अर्धवट राहिलं आणि आता ते भांडायला समोर कोणी नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. तू जन्मभर माझं बोलणं मध्येच तोडलंस. या वेळी मला शेवटपर्यंत बोलू दे.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. मी बारावीच्या पहिल्याच बॅचची. इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीतून पास काढून नाशिकला कॉलेजात यायला लागले. बाबा लोको शेडमध्ये फिटर. कॉलनीत सिमेंटचं बास्केटबॉलचं कोर्ट होतं आणि तिथं खेळणारी मुलगी मी एकटीच, बाकी सगळी पोरं. आमच्याकडे पाऊस एकदा लागला की महिनोन्महिने हटत नाही. कोर्टावर शेवाळ धरतं. त्यावर न आपटता खेळायचं तर पावलं लहान ठेवावी लागतात आणि झटकन वळावं लागतं. पोरांच्या हातातून बॉल काढायचा आणि कोणी अंगावर यायच्या आत रिंगमध्ये टाकायचा, एवढंच मला येत होतं, पण ते फार चांगलं येत होतं. कॉलेजच्या जिमखान्यात नाव द्यायला गेले तेव्हा माझं स्वतःबद्दल काय मत होतं ते तुला माहीतच आहे. पुढं कित्येक लग्नांच्या पंगतीत तू त्याची नक्कल करून दाखवलीस.

तू तेव्हा एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतीस. अर्थशास्त्राची तुला काडीची गोडी नव्हती. टीम सोडवत नव्हती म्हणून शिकत राहिली होतीस. पंचवटीत तुमचं घर, वडील यात्रेकरूंच्या पूजा सांगायचे. तू घरून साडी नेसून निघायचीस आणि जिमखान्याच्या सामानाच्या खोलीत हाफ पँट चढवून मैदानात यायचीस. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कोणी विषय काढत नव्हतं.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, आता बॉल मिळेल आणि मी या सगळ्यांना दाखवून देईन. हातात आली बादली. आपलं मैदान मातीचं. नव्या मुलींनी त्यावर पाणी मारायचं, मग फक्कीनं रेषा आखायच्या, आणि जुन्या मुलींनी कंबरेवर हात ठेवून रेषा वाकडी झाली म्हणून सांगायचं, अशी रीत होती. माझं नाव कोणी विचारलं नाही. "ए इगतपुरी" एवढ्यावर भागत होतं.

शेवटी मला एकदाचं खेळायला घेतलंस. मी रिंगखाली मोकळी होते, बॉल तुझ्याकडे होता, आणि मी घरच्या वळणाप्रमाणे ओरडले, "अहो शैलाताई, इकडे द्या ना." खेळच थांबला. उज्ज्वला पोट धरून मातीत बसली. आपले सर पाठ फिरवून जाळी तपासायला लागले. तू मात्र हसली नाहीस. रिंगखालच्या चौकटीत तीन सेकंदांहून जास्त उभं राहता येत नाही, हे मला माहीत आहे का, असं विचारलंस. मी हो म्हटलं. "मग अहो-जाहो करत बसशील तर तेवढ्यात पंच बॉल काढून घेतील. मैदानात मी नुसती शैल. बाहेर काय म्हणायचं ते म्हण." त्या दिवसापासून रेषेच्या आत तू शैल आणि रेषेच्या बाहेर शैलाताई. कधीकधी रेषेवरच उभी असायचीस तेव्हा माझी पंचाईत व्हायची.

दुसरी फजिती म्हशीची. मी डाव्या बाजूनं जोरात बॉल आपटत निघाले आणि रिंगजवळ तो एकदम मेला. आपटला तो वर आलाच नाही. तिथं जमीन पोकळ होती आणि तुम्हा जुन्या मुलींना ती जागा चप्पल कुठं काढली हे आठवावं तितकी पाठ होती. सगळ्या तिला वळसा घालून जायच्या, जणू तिथं म्हैस बसली आहे. तिचं नावही म्हैसच. बाहेरची टीम आली की तू हळूच म्हणायचीस, "हिला म्हशीवर घाल," आणि आपण त्या बिचारीला दाबत दाबत तिकडं न्यायचो. मला ही गोष्ट कोणी आधी सांगितली नव्हती, याचा मला फार राग आला होता. आता मीही कोणाला सांगितलं नसतं.

मॅचच्या आदल्या दिवशी सराव लांबला की तू मला घरी जेवायला न्यायचीस, कारण पुढची गाडी उशिरा होती. पहिल्यांदा गेले तेव्हा तुझ्या आईनं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांचा हात पातेल्यावर थांबला. म्हणजे कोणापैकी, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात तू ताट पुढं सरकवून म्हणालीस, "आमच्यापैकी. उद्या मॅच आहे, भात वाढ." त्यांनी वाढला. पुढच्या वेळी न विचारता वाढला, आणि नंतर नंतर तर मी लिंबाचं लोणचं संपवते म्हणून कुरकुर सुरू केली. त्या कुरकुरीचा मला किती आनंद व्हायचा, हे मी तुला कधी सांगितलं नाही. ते आज सांगून टाकते.

पण मैदानात आपलं जमत नव्हतं. मी बॉल घेतला की थेट रिंग. मध्ये कोण मोकळं आहे, कोण हात वर करून उभं आहे, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. गुण तर मीच जास्त करत होते, मग बाकीच्या का चिडतात ते मला कळेना. हळूहळू माझ्याकडे बॉल येणं बंद झालं. एका मॅचमध्ये तू सरांना सांगून मला बाहेर बसवलंस आणि जाता जाता म्हणालीस की एकटीनं खेळायचं असेल तर कॅरम खेळ. मी दुसऱ्या दिवसापासून सरावाला यायचं बंद केलं. कॉलेज सुटलं की सरळ नाशिकरोडची बस धरायची. मनाशी ठरवून टाकलं होतं की झालं, संपलं, आपली पोरं बरी.

आणि मग एका रविवारी तू आमच्या क्वार्टरच्या दारात. पाऊस थांबलेला, तुझ्या साडीला चिखल, हातात केळीच्या चिप्सचा पुडा. बाबांना वाटलं शाळेतल्या बाई आल्या. त्यांनी खुर्ची पुसून दिली. तू सगळं सांगितलंस, न चिडता. बाबा म्हणाले, "पोरगी लय हट्टी हाय, बाई. आमचं ऐकत नाय. तुमचं तरी ऐकतीय का बघा." तू म्हणालीस, "माझं ऐकू नये तिनं. बाकीच्या चौघींचं ऐकावं."

मग कोर्ट कुठं आहे विचारलंस. पदर खोचलास, निऱ्या वर ओढल्यास, चपला बाबांच्या खुर्चीशी काढल्यास, आणि म्हणालीस, चल, जा माझ्यावरून. मी गेले. परत गेले. त्या शेवाळावर तुझे पाय ठरत नव्हते आणि मला तर मजाच आली. बाबा हसत होते. तुझा अंबाडा सुटला, धाप लागली, तरी तू थांबली नाहीस. मग तू आमच्यातल्या दोन दांडग्या पोरांना बोलावून माझ्या अंगावर सोडलंस आणि स्वतः जाऊन रिंगखाली उभी राहिलीस. हातानं अंबाडा बांधत होतीस. त्या दोघांनी मला हलू दिलं नाही. डावीकडे गेले, उजवीकडे गेले, शेवटी चिडून मान वर केली तर तू समोर एकटी, मोकळी, केसांत पिन खोचत. बॉल टाकला. तू जागेवरून न हलता तो रिंगमध्ये सोडलास. "एवढंच," म्हणालीस, आणि माझ्या आईला चहा टाकायला सांगितलंस. मी सोमवारी बादली घेऊन मैदानात हजर होते.

आता आपल्या भांडणाकडे येते.

आंतरमहाविद्यालयीन फायनल. हे सगळं तुला तोंडपाठ आहे, पण माझ्या बाजूनं एकदा नीट मांडू दे. तुझी ती शेवटची मॅच. परीक्षा झाली की वैशाखात लग्न ठरलेलं. युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये खेळायचं हे तुझं एकच वेड होतं. दर वर्षी नाव जवळ यायचं आणि निसटायचं. त्या दिवशी निवड करणारे खुर्च्यांवर समोरच बसले होते. सर म्हणाले होते की आज शेवटपर्यंत खेळलीस तर या खेपेला तुझं नक्की. तुझे चार फाऊल झालेले. माझेही चार. पाचवा झाला की बाहेर. स्कोअर बरोबरीत, वेळ संपत आलेली. समोरच्या टीमची उंच मुलगी रिंगखाली उडाली, तिच्यावर आपण दोघी एकदम उडालो, हातांचा गुंता झाला आणि शिट्टी वाजली.

त्या काळी नियम असा होता की फाऊल झाला की जिनं केला तिनं आपला हात स्वतः वर करायचा. पंचांना दिसलं होतं की फाऊल झाला, पण कोणाच्या हातानं ते दिसलं नव्हतं. ते आपल्या दोघींकडे पाहत थांबले. माझी बोटं तिच्या मनगटावर बसली होती. मला ते लागलेलं कळलं होतं, बोटांना झिणझिण्या येत होत्या. मी हात उचलणार, तोवर तुझा वर गेलेला.

तुझा हात, शैलाताई. जी मुलगी धडधडीत धक्का मारूनही हात वर करायची नाही, पंचांना भूमितीसारखं सिद्ध करून दाखवायची की समोरचीच येऊन आदळली, तिचा हात त्या दिवशी कोणी विचारायच्या आत वर. मी पंचांकडे धावले, म्हटलं, माझा आहे, माझा. ते म्हणाले, बाई, इथं रोज सगळ्या म्हणतात माझा नाही, आणि आज तुम्ही दोघी माझा माझा करताय, त्यांनी हात आधी केला, जाऊ द्या त्यांना. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस, बाहेर जाऊन बाकावर बसलीस आणि टॉवेल डोक्यावर घेतलास.

आपण जिंकलो, एका गुणानं. युनिव्हर्सिटीच्या यादीत माझं नाव आलं. तुझं नाही आलं.

तेव्हापासून आपण भांडतो आहोत. जगात लोक फाऊल माझा नाही म्हणून भांडतात. आपण दोघी माझाच होता म्हणून भांडलो. स्पर्धेहून परत आले तेव्हा मी युनिव्हर्सिटीचा ब्लेझर घेऊन थेट तुझ्याकडे आले, म्हटलं, हा तुझा आहे, ठेव. तू तो अंगात घातलास, आरशासमोर उभी राहिलीस, या बाजूनं बघितलंस, त्या बाजूनं बघितलंस. मग म्हणालीस, "बाह्या आखूड आहेत. तुझाच आहे." आणि घडी करून माझ्या हातात दिलास. माझ्या आणि तुझ्या बाह्यांत बोटभर फरक नव्हता.

तुझ्या लग्नात हेच भांडण झालं. बोहल्यावरून उतरल्या उतरल्या तू मला बाजूला घेऊन कोपर दाखवलंस, म्हणे हे लागलं होतं तिला. तुझ्या मुलीच्या बारशात झालं. मग मी नाशिकरोडच्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागले, आणि तू शनिवारी माझ्या मुलींच्या मॅच बघायला यायला लागलीस. बघायला कसली, पंचांशी हुज्जत घालायला. एकदा एका तरुण पंचानं तुला मैदानाच्या बाहेर काढलं. तू फाटकाच्या बाहेरून, हातात भाजीची पिशवी, तिथूनही सूचना देत होतीस. माझ्या मुली मला विचारायच्या, "बाई, त्या काकू कोण?" मी सांगायचे, आमची कॅप्टन.

सगळ्यात हाल झाले भाऊजींचे. तुझ्या स्वयंपाकघरात आपण तो प्रसंग कितीदा उभा केला असेल. भाऊजी बँकेतून दमून आलेले, त्यांना तू ओट्याशी उभं करायचीस, दोन्ही हात वर, हातात नारळ. ते झाले त्यांची उंच मुलगी. एका बाजूनं तू, एका बाजूनं मी. "आता उडा," असं तू म्हणायचीस आणि ते टाचा उचलायचे. मग माझी बोटं त्यांच्या मनगटावर आणि तुझं कोपर त्यांच्या दंडावर. बघा बघा, कोणाचं आधी लागलं, खरं सांगा. ते दर वेळी म्हणायचे की दोघींचं लागलं, नारळ खाली ठेवू का. परवा मी निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले आणि नुसते दोन्ही हात थोडे वर करून दाखवले. मग मला आपलं हसू आणि रडू एकदमच आलं.

मी इतकी का भांडत होते, ते तुला कळत होतं, हे मला माहीत आहे. फाऊल माझा असेल, तर त्या दिवशी मैदानात राहायला हवी होतीस तू. ती निवड, तो ब्लेझर, त्या निवडीवर मिळालेली नोकरी, मला बाई म्हणणाऱ्या सगळ्या मुली, हे सगळं तू मला उचलून दिलेलं ठरतं. मला तुझ्या तोंडून तेवढं ऐकायचं होतं. हो, तुझा होता, आणि मी घेतला. मग मी तुझे पाय धरले असते. आणि नेमकं तेच तुला नको होतं. पाया पडू गेलं की तू मागं उडी मारायचीस, पायावर पाल पडल्यासारखी.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये आले, ती आपली शेवटची भेट. दुपार होती, भाऊजी खुर्चीत पेंगत होते. तू वाळली होतीस, पण डोळे तेच. मी ठरवून आले होते की आज काही झालं तरी कबूल करून घ्यायचं. सुरुवात केली. तू थोडा वेळ ऐकलंस. मग म्हणालीस, "इतकी वर्षं तू एकच विचारतेस, हात कोणाचा लागला. मी बाहेर बसून काय बघितलं, ते एकदा तरी विचार की."

मला ते तुझं नेहमीचं विषय बदलणं वाटलं. मी म्हटलं, ते राहू दे, आधी फाऊलचं बोल. तू हसलीस आणि डोळे मिटलेस. नर्स आली, भेटायची वेळ संपली. पुढच्या वेळी बघते तुला, असं मनात म्हणत मी जिना उतरले.

शैल, मला त्या मॅचचं पुढचं काही आठवत नाही. हे मी कोणाला बोलले नाही, तुलाही नाही. तू बाकाकडे गेलीस तिथपर्यंत सगळं लख्ख आहे, आणि त्यानंतर एकदम सगळ्या माझ्या अंगावर पडून ओरडत आहेत. मधलं काही नाही. शेवटची बास्केट कशी झाली हे उज्ज्वलाला विचारलं तर ती म्हणते, "बॉल माझ्याकडे तूच दिलास," पण तीही तेव्हा धावत होती, तिनं काय पाहिलं असणार. सर कधीच गेले. मैदानातल्या प्रत्येकीला आपापलं पडलं होतं. त्या मिनिटांत मी कशी खेळले, ते पाहिलंस फक्त तू, टॉवेलखालून.

कबूल, फाऊल तुझा होता. तुझा, तुझ्या कोपराचा. मी हरले. आता सांग. काय दिसलं तुला?